भडक रंग, बारीक कण आणि छत्तीस चित्रे

जास्वंदीचे फूल लाल असते, हे कोणी सांगायला नको. पण ते नेमके किती लाल असते, असे विचारले तर तुम्ही काय उत्तर द्याल? बहुतेक जण मोबाइल काढतील, फुलाचा फोटो घेतील आणि म्हणतील, "हे पाहा, इतके लाल!" ह्या उत्तराविषयीच मला आज तुमच्याशी आणि तुमच्या शिक्षकांशी बोलायचे आहे. कारण तो फोटो म्हणजे एकट्या फुलाने दिलेली साक्ष नव्हे. फुलावर पडलेला प्रकाश, कॅमेऱ्याचे भिंग, प्रकाश टिपून घेणारा पृष्ठभाग आणि रंग कसा दिसावा हे आधीच ठरवून ठेवणारी माणसे, ह्या सर्वांनी मिळून ती साक्ष तयार केलेली असते. मोबाइलमध्ये हे सारे निर्णय एका क्षणात आणि आपल्या नकळत होऊन जातात. फोटो छान येतो. पण तो छान का आला, हे आपल्याला कळत नाही. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने ह्यावर समाधान मानावे काय?

मानू नये, असे माझे मत आहे. म्हणून मी एक सूचना करतो. प्रत्येक माध्यमिक शाळेने वर्षातून निदान एकदा रंगीत निगेटिव्ह फिल्मचा एक रोल वापरावा. रोलमध्ये छत्तीस चित्रे असतात. वर्गातील छत्तीस विद्यार्थ्यांनी प्रत्येकी एकच चित्र घ्यावे आणि त्याची वहीत रीतसर नोंद ठेवावी. फिल्मही भडक रंगांची, बारीक कणांची आणि थोडी हट्टी स्वभावाची निवडावी. कोडॅक एक्टार १०० ही अशी फिल्म आहे. जुन्या वस्तूंच्या कौतुकापोटी मी हे म्हणत नाही. रंग कसा घडतो हे समजून घेण्यासाठी इतके चांगले साधन शाळेला क्वचितच मिळेल, म्हणून म्हणतो.

एक्टार हे नाव तसे जुने. पूर्वी कोडॅकच्या उत्तम प्रतीच्या भिंगांना ते दिलेले असे. पुढे १९८९ साली ह्याच नावाच्या रंगीत फिल्म निघाल्या व काही वर्षांनी बंदही पडल्या. आज मिळणारी एक्टार १०० ही फिल्म २००८ साली बाजारात आली. साल लक्षात घ्या. तोवर डिजिटल कॅमेरे घरोघरी पोचले होते. म्हणजे रासायनिक छायाचित्रणाचे दीडशेहून अधिक वर्षांचे ज्ञान गाठीशी असताना, त्या विद्येच्या अगदी उतरणीवर तयार झालेली ही फिल्म आहे. तिच्यात ते ज्ञान गोळा झाले आहे, असे म्हटले तरी चालेल.

आता ह्या फिल्मच्या आत काय आहे ते पाहू. सिल्व्हर क्लोराइड उन्हात ठेवले की करडे पडते, हे तुम्ही रसायनशास्त्रात शिकला असाल. फिल्मचे मूळ तेच आहे. पारदर्शक पट्टीवर जिलेटिनचे अतिशय पातळ थर असतात आणि त्यांत चांदीच्या हॅलाइड क्षारांचे सूक्ष्म स्फटिक पसरलेले असतात. शटर उघडले की काही स्फटिकांवर प्रकाश पडतो व त्यांच्यात चांदीचे मोजके अणू सुटे होतात. डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण चित्राची खूण उमटलेली असते. फिल्म डेव्हलपरमध्ये घातली की खूण असलेल्या स्फटिकाची संपूर्ण चांदी होते आणि खूण नसलेला तसाच राहतो. चार-दोन अणूंची खूण अशा रीतीने कोट्यवधी पटींनी मोठी केली जाते. निसर्गाच्या नियमांचा इतका सुंदर उपयोग माणसाने फार थोड्या ठिकाणी केला असेल.

स्फटिक मोठा असला तर त्याच्यावर प्रकाश पडण्याची शक्यता अधिक, म्हणून फिल्म मंद उजेडातही काम करते. तिला वेगवान फिल्म म्हणतात. पण मोठ्या स्फटिकांमुळे चित्रात रवा दिसू लागतो. उलट स्फटिक लहान ठेवले तर चित्र तलम येते, पण प्रकाश जास्त लागतो. एक्टारची गती १०० आहे; ४०० गतीच्या फिल्मला जेवढा प्रकाश पुरतो त्याच्या चौपट तिला द्यावा लागतो. शास्त्रज्ञांनी ह्या अडचणीतून एक वाट काढली. १९८२ सालापासून कोडॅकने आपल्या फिल्ममध्ये चपट्या आकाराचे स्फटिक वापरायला सुरुवात केली. खड्यासारख्या स्फटिकाऐवजी पापडासारखा स्फटिक घेतला की तेवढ्याच चांदीत प्रकाश झेलणारे क्षेत्रफळ कितीतरी वाढते. लाडू आणि पापड ह्यांच्या पृष्ठभागांची तुलना करून पाहा, म्हणजे ही युक्ती चटकन ध्यानात येईल. पण अडचण सौम्य झाली, संपली मात्र नाही. बारीक कण हवा असेल तर भरपूर उजेड मोजावाच लागतो. फुकट काहीच मिळत नाही, हा धडा ही फिल्म पहिल्याच दिवशी देते.

आणि रंग? चांदीला तर रंग नसतो. रंगीत फिल्ममध्ये मुख्य थर तीन प्रकारचे असतात. निळा प्रकाश टिपणारे वर, हिरवा टिपणारे त्याखाली आणि तांबडा टिपणारे तळाशी. चांदीचे क्षार मुळातच निळ्या प्रकाशाला भुलतात, म्हणून वरच्या थराखाली एक पिवळा गाळणीथर घालून निळा प्रकाश तेथेच अडवावा लागतो. डेव्हलपर आपले काम करताना स्वतः ऑक्सिडीभूत होतो आणि थरात ठेवलेल्या कपलर नावाच्या रसायनाशी संयोग पावून रंगद्रव्य बनवतो: निळ्याच्या थरात पिवळे, हिरव्याच्या थरात किरमिजी आणि तांबड्याच्या थरात निळसर हिरवे. त्यानंतर ब्लीच व फिक्सर वापरून सगळी चांदी धुऊन काढतात. गंमत पाहा, धुतलेल्या रंगीत निगेटिव्हमध्ये चांदी उरतच नाही. जेथे चांदीचा कण होता तेथे रंगाचा एक लहानसा ढग राहतो. रंगीत चित्रात आपण ज्याला कण म्हणतो तो हा ढग होय.

ही रंगद्रव्ये निर्दोष नसतात. किरमिजी रंगद्रव्याने फक्त हिरवा प्रकाश शोषावा, पण ते थोडा निळाही शोषून बसते. हा दोष भरून काढण्यासाठी काही कपलर मुद्दामच रंगीत ठेवतात, म्हणून निगेटिव्हवर तो नारिंगी झाक असलेला पडदा दिसतो. त्याशिवाय एका थरात डेव्हलपिंग चालू असताना त्यातून सुटणारे एक रसायन शेजारच्या थराचे काम थोपवते. त्यामुळे तांबडा अधिक तांबडा होतो आणि हिरवा अधिक हिरवा. फिल्मचा भडकपणा बऱ्याच अंशी अशा योजनांतून येतो. म्हणजे भडकपणा फुलात जेवढा असतो, तेवढाच तो रसायनशास्त्रज्ञाने फिल्ममध्येही घातलेला असतो.

येथे माझ्या म्हणण्याचा गाभा आला. चित्रातील रंग हा एक निर्णय असतो. कोणीतरी, कोठेतरी, काही हेतूने तो घेतलेला असतो. निसर्गदृश्ये, फुले, रंगीत कापड ह्यांसाठी एक्टार झकास. पण माणसाचे चेहरे घेऊ लागलो की ती त्वचेवर जास्तीचा तांबूसपणा चढवते, असा छायाचित्रकारांचा अनुभव आहे. चेहऱ्यांसाठी त्याच कंपनीच्या निराळ्या, सौम्य फिल्म आहेत. एकाच कारखान्यातून एकाच गालाचे दोन रंग निघतात! मग खरा कोणता?

ह्या प्रश्नाची एक बाजू गंभीर आहे आणि ती तुमच्यापासून लपवू नये. विसाव्या शतकाच्या मध्यापासून छापणाऱ्या प्रयोगशाळांना यंत्रे जुळवण्यासाठी कोडॅककडून एक नमुना-चित्र मिळे. त्यात एक गोरी स्त्री असे. त्या पहिल्या स्त्रीच्या नावावरून त्या चित्राला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिची त्वचा नीट दिसली की यंत्र बरोबर जुळले, असे समजत. जगातील सावळ्या आणि काळ्या माणसांचे चेहरे मात्र त्या मापाने छापले जात आणि त्यांचे बारकावे हरवत. कॅनडातील संशोधिका लोर्ना रॉथ ह्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात ह्याचा इतिहास मांडला आहे. गडद तपकिरी छटा सुधारण्यासाठी कंपनीवर दडपण आले ते लाकडी सामान आणि चॉकलेट बनवणाऱ्या जाहिरातदारांकडून, असे त्यांना कोडॅकच्या जुन्या अधिकाऱ्यांच्या मुलाखतींतून समजले. माणसांच्या रंगापेक्षा चॉकलेटच्या रंगाची तक्रार आधी ऐकली गेली! पुढे फिल्म सुधारल्या आणि १९९० च्या दशकात नमुना-चित्रांत निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया आल्या. रसायनांत वर्णद्वेष नसतो. पण कोणते रसायन 'बरोबर' हे ठरवणाऱ्या माणसांच्या नजरेत उणीव असू शकते. यंत्र तटस्थ असते असे आपण सहज म्हणतो. ते म्हणण्यापूर्वी त्या यंत्राचे माप कोणी आणि कशावरून लावले, हे विचारण्याची सवय हवी. आज मोबाइल तुमचा चेहरा न विचारता उजळ करतो, तेव्हा हाच प्रश्न पुन्हा उभा राहतो.

माझ्या सूचनेवर आक्षेप येणार, हे उघड आहे. पहिला आक्षेप खर्चाचा. अशा एका रोलला आज हजार रुपयांहून अधिक पडतात, शिवाय धुण्याचा आणि स्कॅन करण्याचा खर्च निराळा. एका विद्यार्थ्याला तो झेपणार नाही, हे मला मान्य आहे. म्हणूनच मी एका वर्गाला एक रोल असे म्हटले. छत्तीस जणांत खर्च वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला फार येत नाही. कॅमेरा विकत घेऊ नये. गतीचे आणि छिद्राचे आकडे हाताने फिरवता येतात असा जुना कॅमेरा गावात कोणाच्या तरी कपाटात नक्की पडून असेल. तो चालतो का एवढे आधी तपासून घ्यावे.

दुसरा आक्षेप रसायनांचा. सी-४१ नावाची धुण्याची ही पद्धत १९७२ सालापासून रूढ आहे. तिच्यात डेव्हलपरचे तपमान ३७.८ अंश सेल्सिअस आणि वेळ ३ मिनिटे १५ सेकंद असावी लागते. तपमानात अंशाच्या अपूर्णांकाचाही फरक चालत नाही. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरलेली असते आणि ते पाणी मोरीत ओतणे योग्य नाही. तेव्हा शाळेत धुण्याचा हट्ट धरू नये. ज्या प्रयोगशाळेत हे काम नेहमीचे आहे तेथेच रोल पाठवावा. अशा प्रयोगशाळा आता मोठ्या शहरांत थोड्याच उरल्या आहेत, पण कुरियरने काम होते.

तिसरा आक्षेप सर्वांत बळकट आहे. हाच अभ्यास मोबाइलवर फुकट होत असताना फिल्म कशाला? ज्या मोबाइलमध्ये शटर आणि रंगाचे संतुलन हाताने ठरवता येते, त्यावर पुढील प्रयोगाचा बराच भाग करता येईल, आणि ज्या शाळेला रोल परवडत नाही तिने तो तसाच करावा. त्यात कमीपणा नाही. फिल्म खरी आणि मोबाइल खोटा, असेही मी म्हणत नाही. परंतु दोन गोष्टी फिल्मच देते. एक म्हणजे निगेटिव्ह. प्रकाशाने जे घडवले ते वस्तुरूपाने हातात येते, भिंगाखाली धरता येते, वीस वर्षांनी पुन्हा तपासता येते. दुसरी म्हणजे जबाबदारी. तुमच्या वाट्याला एकच चित्र आहे, ते पुसता येत नाही आणि निकाल दोन आठवड्यांनी कळणार आहे, असे ठाऊक असले की बटण दाबण्यापूर्वी माणूस विचार करतो. अंदाज आधी वहीत लिहायचा आणि मग निसर्गाला विचारायचे, हीच तर प्रयोगाची रीत!

आता प्रयोग सांगतो. शाळेच्या अंगणात एका टेबलावर जास्वंदीचे फूल, झेंडू, हिरवे पान, निळ्या शाईची दौत आणि करड्या रंगाचा एक पुठ्ठा मांडा. स्वच्छ उन्हात जुना हिशेब असा: छिद्र एफ/१६ ठेवले तर शटरचा वेळ फिल्मच्या गतीइतक्या अंशाचा, म्हणजे येथे १/१०० सेकंद. कॅमेऱ्यावर त्याच्या जवळचा आकडा १/१२५ असतो. छिद्र न बदलता १/३०, १/६०, १/१२५, १/२५० आणि १/५०० अशी पाच चित्रे घ्या. प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा होतो. हळू शटरला हात हलतो, म्हणून कॅमेरा तिवईवर ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम येथे आपोआप पाळला जातो. नंतर तेच टेबल इमारतीच्या सावलीत, पण मोकळ्या आकाशाखाली न्या. तेथे छिद्र एफ/४ करून पुन्हा तीच पाच चित्रे घ्या. झाली दहा. पुढची चार चित्रे उन्हातच, पण सकाळी, दुपारी, चार वाजता आणि सूर्यास्तापूर्वी घ्या. प्रत्येक वेळी ऊन कलले असेल तसा प्रकाश मापून घ्या.

त्यानंतरची सहा चित्रे हातांची. स्वखुशीने पुढे येणाऱ्या तीन मुलांचे, गोऱ्या, गव्हाळ आणि सावळ्या वर्णांचे हात करड्या पुठ्ठ्याशेजारी ठेवून प्रत्येकाचे एक चित्र उन्हात व एक सावलीत घ्या. शिक्षकांनी येथे एक गोष्ट स्पष्ट सांगावी: परीक्षा फिल्मची आहे, मुलाची नव्हे. कोणता हात छान दिसतो हा प्रश्नच नाही. कोणत्या हाताशी फिल्म अन्याय करते हे पाहायचे आहे. झाली वीस. उरलेल्या सोळा जणांनी आपापला विषय निवडावा, पण तो का निवडला आणि रंग कसा येईल असे वाटते, हे आधी लिहावे. एखाद्याने वर्गाच्या आत चित्र घ्यायचे ठरवले तर त्याला आठवण द्या: भर उन्हात सुमारे एक लाख लक्स उजेड असतो, वर्गात बहुधा काही शेकडाच. आपला डोळा हा फरक झाकून टाकतो. १०० गतीची फिल्म झाकत नाही.

रोल धुऊन आला की आधी निगेटिव्ह पाहा, छापील चित्रे नंतर. कारण छापताना किंवा स्कॅन करताना यंत्र सगळी चित्रे सारखी करू पाहते. चित्रभर लाल फूल असले तर ते लाल हा दोष समजून वर निळसर हिरवी झाक चढवते. म्हणून स्कॅन करणाऱ्याला आधीच विनंती करा, की सर्व चित्रे एकाच मापाने, न सुधारता द्यावीत. मग करडा पुठ्ठा कोणत्या चित्रात करडा राहिला आणि कोणत्यात रंगला, ते ताडून पाहा. प्रकाश कमी पडलेल्या चित्रांत सावल्या निळसर झालेल्या आढळण्याचा संभव आहे, कारण एक्टार कमी प्रकाश सहन करत नाही. सावलीतील चित्रेही निळी दिसतील, पण त्यांचे कारण निराळे: तेथे ऊन नसून निळ्या आकाशाचाच प्रकाश पोचतो. दोन निळसरपणांची दोन कारणे ज्या विद्यार्थ्याला वेगळी करता आली, तो रोलचा सारा खर्च वसूल करून बसला असे समजा.

हे सारे आजच करावे, असे म्हणण्याला आणखी एक कारण आहे. ही विद्या आपोआप टिकत नाही. १९३५ साली निघालेल्या कोडाक्रोम ह्या प्रसिद्ध स्लाइड फिल्मचे उत्पादन २००९ साली थांबले. तिचा कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल स्टीव्ह मॅकरी ह्या छायाचित्रकाराला मिळाला. त्यातील काही चित्रे त्यांनी मुंबईत आणि राजस्थानात घेतली आणि २०१० साली तो रोल अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स गावी धुतला गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस तेथील प्रयोगशाळेने कोडाक्रोम स्वीकारणे बंद केले. आज कोणाच्या कपाटात कोडाक्रोमचा न धुतलेला रोल सापडला, तर त्याच्यातील रंग पूर्वीसारखे बाहेर काढणारी सोय उरलेली नाही. आपल्याकडेही उदकमंडलम येथे १९६० साली स्थापन झालेली हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी 'इंदू' नावाची कृष्णधवल फिल्म बनवीत असे. तीही आता इतिहासजमा झाली. रंगीत निगेटिव्ह फिल्म आजही बनते आणि धुऊन मिळते. आज शक्य असलेला हा प्रयोग पंधरा वर्षांनी शक्य असेलच, असे नाही.

शिक्षकांना एवढीच विनंती की निकालात सुंदर चित्राला बक्षीस देऊ नये. ज्याचा आधी लिहिलेला अंदाज चुकला आणि तो का चुकला हे ज्याने नीट शोधले, त्याची वही पहिली काढावी. आणि विद्यार्थी मित्रहो, तुमच्या वाट्याला आलेले एकुलते एक चित्र काळवंडले तरी ते फेकू नका. त्याच्या मागे तारीख, वेळ, छिद्र आणि शटर लिहून वहीत चिकटवा. पुढे कोणी भडक रंगाचे चित्र दाखवून "हे पाहा, असे होते!" म्हणाला, तर त्याला काय काय विचारायचे, हे ती वही तुम्हाला सांगेल.